दोन प्रतींमधला फरक : माहीमच्या बखरीपासून सातबाऱ्यापर्यंत

उत्तर कोकणाच्या मध्ययुगीन इतिहासाकडे वळणाऱ्याला एका ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. तो ग्रंथ म्हणजे 'महिकावतीची बखर'. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि शीर्षकातच कंसात 'माहीमची' असा खुलासा जोडला. संजाण, डहाणू, तारापूर, केळवे-माहीम ही नावे तिच्या पानांवर पुन्हा पुन्हा येतात. पालघर, पाम, बोईसर या पट्ट्यात राहणाऱ्याला ही बखर वाचताना रोजच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचल्यासारखे वाटेल.

मात्र ही बखर 'एक' ग्रंथ नाही. तिच्यात सहा प्रकरणे आहेत, काही ओवीबद्ध आणि काही गद्य. ती एका हाताने लिहिलेली नाहीत आणि एका काळातही लिहिलेली नाहीत. मालाडचा देसला नायकोराव याच्या प्रेरणेने केशवाचार्यांनी रचलेला भाग शके १३७० चा, म्हणजे इ.स. १४४८ चा आहे. इतर भाग त्यानंतरचे असून ही भर साधारणपणे १५७८ पर्यंत पडत गेली, असे मानले जाते. सव्वाशे वर्षांत एकाच विषयावर अनेकांनी लेखणी चालवली आणि पुढे कुणीतरी ते सारे एका बाडात बांधले.

आजच्या भाषेत सांगायचे तर एका दस्तऐवजाच्या अनेक आवृत्त्या एकाच फाइलमध्ये चिकटवल्या गेल्या, आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीतली हे नोंदवणारे कुणी नव्हते. राजवाड्यांना ते सांधे शोधावे लागले. मजकुरातच आलेले शक, भाषेचे जुने-नवे वळण, पद्यातून गद्यात होणारी उडी आणि एकच कथा दुसऱ्यांदा सांगताना बदललेले तपशील, ही त्यांची साधने होती. संपादकाने आधी विचारायचे ते हेच : हे वाक्य त्याच्या शेजारच्या वाक्याच्या वयाचे आहे का?

या प्रश्नावर बरेच काही अवलंबून होते. बखर सांगते की प्रतापबिंब शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ च्या सुमारास, उत्तर कोकणात उतरला आणि त्याने किनाऱ्यावरची ठाणी घेतली. पुढे ती देवगिरीच्या यादवांच्या बिंबदेवाचीही हकिकत सांगते, आणि ती तेराव्या शतकाच्या अखेरची आहे. दोघांच्या नावांत बिंब आहे आणि दोघांच्या कथेत माहीम आहे. नंतरच्या लोकपरंपरेत दोन्ही मिळून एकच 'बिंब राजा' उरला. त्यात माहीमही दोन : एक पालघरजवळचे केळवे-माहीम, दुसरे मुंबईचे. कोणती घटना कोणत्या माहीमची, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. जे. गर्सन द कुन्हा यांनी १९०० मध्ये मुंबईच्या उगमाविषयी लिहिताना याच परंपरेतल्या 'बिंबाख्यान' या दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतला. साहजिकच त्यांच्या ग्रंथात बिंबाची कथा मुंबईभोवती फिरते.

बखरीत बिंबाबरोबर आलेल्या सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळांच्या याद्याही आहेत. उत्तर कोकणातील अनेक समाज आपल्या स्थलांतराची कथा याच याद्यांपाशी नेऊन जोडतात. म्हणून येथे एखादे आडनाव यादीत असणे वा नसणे ही कोरडी पाठचिकित्सा राहत नाही. कुणाच्या तरी घराण्याचा मान त्या ओळीला बांधलेला असतो. ज्या मजकुराला असा भाव असतो, त्याच मजकुरात भर पडण्याचा मोह सर्वांत अधिक. याद्या हाताने उतरवल्या जात होत्या तेव्हा तो मोह होता. आता त्या टंकित होऊन एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातात, तेव्हाही तो आहेच.

अशा वेळी दुसऱ्या जातीचा पुरावा मदतीला येतो. बोईसरपासून जवळच असलेल्या चिंचणी येथे १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. संजाण मंडळाचा कारभार तेव्हा 'ताजिक' म्हणजे अरब वंशाच्या मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता, असे तो सांगतो. 'मधुमती' हे 'महंमद' या नावाचे संस्कृत रूप. हा मजकूर हजार वर्षे तांब्यात कोरलेला राहिला. त्याला नक्कलकार भेटला नाही, म्हणून पाठभेदही जन्मले नाहीत. (बनावट ताम्रपट भारतात भरपूर सापडतात, तेव्हा तांबे म्हणजे सत्य असे कुणी समजू नये.) बखरीतील शके १०६० या सालासमोर अभ्यासकांनी उत्तर कोकणच्या शिलाहारांचे कोरीव लेख ठेवले. लोनाड आणि परळ येथील शिलालेख बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातही या प्रदेशात शिलाहार राज्य करीत होते हे दाखवतात. त्यामुळे प्रतापबिंबाची स्वारी बखरीत आहे तशी आणि त्याच साली घडली असे म्हणणे अवघड होऊन बसते.

हाताने नक्कल करताना चुका कशा होतात हे पाहिले की अशा सालांकडे पाहण्याची नजर बदलते. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे एकमेकांच्या जागी सहज जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नव्हती. त्यामुळे मोडीतून बाळबोधीत उतरवणाऱ्याला शब्द कुठे तोडायचा हे स्वतःच ठरवावे लागे. अंकांचे तर विचारूच नये : १ आणि ९ यांच्यातला फरक बोरूच्या एका वळणाचा. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील, तर नक्कलकाराची नजर पहिल्यावरून थेट दुसरीवर घसरते आणि मधली ओळ नाहीशी होते.

गंमत अशी की या चुकाच संशोधकाचा सर्वांत मोठा आधार ठरतात. बरोबर मजकूर दहा प्रतींत सारखा असला तर त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण तो सर्वांनी मूळातून घेतलेला असू शकतो. पण तीन प्रतींत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल, तर त्या तिघींची आई एकच. अशा सामाईक चुकांवरून प्रतींची वंशावळ मांडता येते. मग पन्नास प्रती एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला असे चित्र दिसले तरी बहुमताला किंमत राहत नाही. त्या पन्नास प्रती एकाच चुकलेल्या प्रतीच्या लेकी असू शकतात.

मराठीत हा विचार फार जुना आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतकी सरमिसळ झाली की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती समोर ठेवून तिची शुद्ध संहिता तयार केली, आणि शेवटी कुणीही आपली ओवी हिच्यात घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळीच ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा तिच्या वयावरून मोठा वाद झाला. एकनाथांनी नेमके काय बदलले हे आज दाखवता येत नाही, कारण त्यांच्यासमोरच्या प्रती आपल्याकडे नाहीत. शुद्ध प्रत हाती आली, पण शुद्धीकरणाची नोंद आली नाही.

ही उणीव भरून काढणारे काम पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला आरंभ केला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते, आणि काम पूर्ण झाले १९६६ मध्ये. एकूण १२५९ हस्तलिखिते वापरली गेली. तुलनेसाठी खास तक्ते छापून घेतले होते. वर प्रचलित श्लोक आणि खाली एकेका प्रतीतला पाठ, अक्षराखाली अक्षर येईल असा. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी अशी एकाच तक्त्यावर शेजारी येत असे. छापील पानावर निवडलेला पाठ वर राहिला आणि नाकारलेला प्रत्येक पाठ त्याखाली टीपेत जपला गेला. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याने पानाचा खालचा भाग वाचावा. सुखटणकरांचा मोठेपणा या खालच्या भागात आहे, असे म्हटले तर ते धाडसाचे ठरू नये.

महाभारताचे हे काम संपून दहा वर्षेही झाली नव्हती, तोच अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी 'डिफ' नावाची छोटी आज्ञावली तयार केली. जेम्स हंट यांच्याबरोबर तिची गणिती पद्धत त्यांनी १९७६ मध्ये मांडली. पद्धत सोपी आहे. दोन मजकूर घ्यायचे आणि त्या दोहोंत त्याच क्रमाने येणारा सर्वांत लांब सामाईक भाग शोधायचा. जुन्या प्रतीतले जे त्या भागात बसत नाही ते 'वगळले', नव्या प्रतीतले जे बसत नाही ते 'घातले'. आज संगणकावर दोन मसुद्यांतला फरक लाल-हिरव्या रंगांत दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच कल्पना असते. भांडारकरमध्ये ज्या तक्त्यांवर वर्षे गेली, त्यातला निव्वळ जुळवणीचा भाग यंत्र आता क्षणात करते. अर्थात पोथी आधी कुणीतरी वाचून टंकित केलेली हवी.

पण यंत्राला फरक दिसतो, फरकाचे वजन दिसत नाही. एक काल्पनिक वाक्य घेऊ : 'राजा तारापुराहून माहिमास आला.' दुसऱ्या प्रतीत आहे : 'राजा माहिमास तारापुराहून आला.' यंत्र सांगेल की एक शब्द एका जागी वगळला आणि दुसऱ्या जागी घातला. मराठी माणूस म्हणेल, काहीच बदलले नाही. आता तिसरी प्रत : 'राजा तारापुरास माहिमाहून आला.' येथे यंत्राला केवळ दोन शब्दांची शेपटे बदललेली दिसतात. प्रत्यक्षात राजा उलट दिशेने निघाला आहे, आणि त्याची राजधानी कोणती याचे उत्तरही त्याबरोबर फिरले आहे. रंग दोन्हीकडे सारखाच गडद.

देवनागरीपुरता आणखी एक घोटाळा आहे, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला तो हटकून भेटतो. पडद्यावर अगदी सारखे दिसणारे शब्द आत वेगळे असतात. 'दुःख' मधला विसर्ग काहीजण विसर्गाच्या चिन्हाने लिहितात, काहीजण सरळ अपूर्णविरामाची दोन टिंबे देतात. 'ऱ' हे अक्षर एका संकेताने लिहिता येते किंवा 'र' खाली नुक्ता देऊनही बनवता येते. 'ॲ' एकसंध असू शकतो किंवा 'अ' वर चंद्र ठेवलेला असू शकतो. अक्षरे जोडणारी वा तोडणारी अदृश्य चिन्हे तर डोळ्यांना दिसतच नाहीत. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर असेल, तर आतमध्ये देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. अशा दोन फाइली समोरासमोर ठेवल्या की सगळे पान लाल होते आणि खरा बदल त्या लालीत हरवतो. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही मजकूर एकाच संकेतपद्धतीत आणावे लागतात. पण हे करताना मूळ फाइल जपून ठेवायची, कारण विसर्गाऐवजी दोन टिंबे देणे ही सवय असते, आणि सवयीवरून दोन फाइली एकाच हातच्या आहेत का हे ओळखता येते. घ-ध च्या गोंधळावरून पोथ्यांची वंशावळ लावणाऱ्यांना हा धागा नवा वाटणार नाही.

पालघर जिल्ह्यात आज प्रतींची तुलना सर्वांत गंभीरपणे जिथे व्हावी लागते, तो दस्तऐवज मात्र बखर नाही. तो सातबारा आहे.

महाराष्ट्रातील गावकामगाराच्या दप्तराची रचना इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी. गाव नमुना ७ वर जमीन कुणाची ते असते, नमुना १२ वर पीक. पण हक्क का आणि केव्हा बदलला ते नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. वारसाने, खरेदीने, कुळकायद्याने हक्क बदलला की फेरफाराला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर नव्या नावाशेजारी वर्तुळात येतो. जुन्या नावाला कंस केला जातो. ते खोडून नाहीसे करायचे नसते. कंसात का होईना, वाचता आले पाहिजे. कोणते नाव गेले, कोणते आले, कोणत्या आधारावर, हे सारे एका कागदावरून दुसऱ्याकडे बोट दाखवत राहते. बखरीच्या संपादकाला जे कधीच मिळाले नाही, ते तलाठ्याच्या दप्तरात नियमाने ठेवले जात होते.

हे दप्तर संगणकात गेले तेव्हा राज्यभर कोट्यवधी ओळींची नक्कल झाली, आणि नक्कल म्हटली की नक्कलकाराच्या चुका आल्या. नाव अर्धे टंकित होणे, गट क्रमांकाचा पोटहिस्सा सुटणे, क्षेत्राचे दशांश चिन्ह सरकणे. काही फरक तर विसर्गाच्या टिंबांसारखे, वरवरचे. जुन्या कागदावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे, नव्यावर हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे सुमारे ४०.४७ आर. आकडा बदलला तरी जमीन तेवढीच. उलट 'इतर हक्क' या रकान्यातली एक ओळ गळली तर आकडे सगळे जुळतात आणि तरीही माणूस नाहीसा होतो. कुळाचे नाव याच रकान्यात असते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कायद्याने जे निर्बंध आहेत, त्यांचा शेराही येथेच सापडतो. ज्या डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्या मुलखात या रकान्याची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आणि आता त्याच जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, बोईसरला तिचे स्थानक आहे, डहाणूजवळ वाढवण बंदर उभे राहते आहे. भूसंपादनात मोबदला ठरतो तो उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी.

या नकलेची तपासणी करण्यासाठी शासनाने चावडीवाचन घेतले. तलाठ्याने संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा, खातेदाराने ऐकायचे, आणि हस्तलिखिताशी जुळत नसेल तिथे हरकत घ्यायची. त्यानंतर दुरुस्तीसाठी संगणकप्रणालीत 'एडिट' आणि 'री-एडिट' अशा खास सोयी करण्यात आल्या. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून पाहायचे, ही पोथ्या ताडून पाहण्याची जुनीच रीत. फरक इतकाच की पोथी ताडणारा दोन्ही मजकुरांना परका असतो. चावडीवरच्या माणसाला यातला एक मजकूर आजोबांपासून पाठ असतो. जो माणूस त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी गेला होता, त्याची ओळ मात्र कुणी ताडली नाही.

लेखनप्रमादाने झालेली चूक पुढेही दुरुस्त होऊ शकते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तसा अर्ज करता येतो. अर्जासोबत चूक दाखवणारी जुनी प्रत लागते. अनेक तालुक्यांतल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्यांचे आणि फेरफार नोंदींचे स्कॅन आता ऑनलाइन पाहता येतात, आणि पालघर जिल्ह्याच्या नोंदीही त्यांत आहेत. ते उघडताना तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात : आजचा उतारा, हस्तलिखित उतारा, आणि वर्तुळातल्या क्रमांकाचा फेरफार. पहिल्या दोघांत फरक दिसला की तिसरा वाचायचा. त्या क्रमांकाचा फेरफार नोंदवहीत सापडला आणि त्यात बदलाचे कारण असले, तर तो बदल हक्काचा आहे. सापडलाच नाही, तर तो नक्कलकाराचा असण्याची शक्यता मोठी.